शेलचेक आणि प्रिंट-झीरो: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फाइलच्या नावातल्या साध्या स्पेसचा प्रश्न शेलचेक, म्हणजे शेल स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं साधन, जवळपास मिटवून टाकतं. अवतरणाशिवाय व्हेरिएबल लिहिलं की त्याची एससी२०८६ ही सूचना हजर. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त दिसलेली सूचना हीच. शेल असं व्हेरिएबल स्पेस, टॅब आणि नवी ओळ या तिन्हींवर तोडतो, त्यामुळे 'मार्च बिल.पीडीएफ' ही एक फाइल कमांडला दोन नावं म्हणून पोचते. दुहेरी अवतरण लावलं की झालं. फाइलींची यादी देणाऱ्या एलएसचं आउटपुट फॉर लूपमध्ये फिरवलं तर एससी२०४५ ओरडते, आणि बरोबरच ओरडते.

लिनक्सवर नावात नल बाइट आणि स्लॅश सोडून काहीही चालतं, नवी ओळसुद्धा. म्हणून फाइली शोधणाऱ्या फाइंडला प्रिंट-झीरो (प्रत्येक नावानंतर नल बाइट टाकणारा पर्याय) आणि ती नावं दुसऱ्या कमांडला देणाऱ्या एक्सआर्ग्जला मायनस झीरो. लूप हवा असेल तर नावं एकेक वाचणाऱ्या रीडला मायनस आर, मायनस डी आणि रिकामं अवतरण. आयएफएस (शेल कशावर तोडतो ते ठरवणारं व्हेरिएबल) रिकामं ठेवायला विसरलात तर टोकाच्या स्पेस गळतात. नावं थेट अ‍ॅरेत भरणाऱ्या मॅपफाइलचा मायनस डी बॅश शेलच्या ४.४ पासून आहे, मॅकसोबत येणाऱ्या ३.२ मध्ये मॅपफाइलच नाही. पॉसिक्स या युनिक्स प्रणालींच्या मानकाने प्रिंट-झीरो २०२४ मध्ये घेतलं. असो.

खरी डोकेदुखी नो-ब्रेक स्पेसची (तिथे ओळ तुटू न देणारी वेगळी स्पेस). डोळ्याला स्पेस, शेलला साधं अक्षर! नाव तुटत नाही, म्हणून शेलचेक गप्प. पण स्पेसबारने टाइप केलेलं नाव सापडतच नाही. (स्क्रिप्टमध्येच ती घुसली तर एससी१०१८ सांगते, फाइलच्या नावातली तिला दिसणार कशी?) अलीकडच्या मॅकचे स्क्रीनशॉट एएम-पीएमच्या आधी तिचीच अरुंद बहीण ठेवतात. एलसी_ऑल=सी लावून (म्हणजे सी लोकॅलमध्ये) एलएस मायनस बी चालवा, अशी अक्षरं बाइटच्या अष्टमान आकड्यांत दिसतात: ३०२ २४० दिसलं तर नो-ब्रेक, ३४२ २०० २५७ म्हणजे अरुंद.

मराठी नावांत याच जातीची आणखी एक खोड. 'दुसऱ्या'तला ऱ्या कुणी ऱ-हलन्त-य असा टाइप करतो, कुणी र-हलन्त-झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह)-य असा. दिसायला सारखं, फाइली दोन. पहिल्यात ३४० २४४ २६१ येतं. दुसऱ्यात ३४० २४४ २६० आणि हलन्तानंतर ३४२ २०० २१५. मात्र सी लोकॅलमध्ये सगळीच देवनागरी अशी आकड्यांत उतरते, तेव्हा शोधायचं ते ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने.

नाव बदलताना एमव्हीला मायनस एन (आधीची फाइल पुसू नये म्हणून) आणि दोन डॅश (डॅशने सुरू होणारं नाव पर्याय समजू नये म्हणून) द्या. नवं नाव आधीच असेल तर मूळ फाइल जागेवरच राहते, त्यामुळे फाइंड पुन्हा चालवून उरलेल्या मोजा. मोजायचे ते नल बाइट, ओळी नव्हेत.