तासाचा दर काढून देणारी ऑनलाइन गणकयंत्रं: आकडा मिळतो, पण कशाचा?

‘तुमचा तासाचा दर काढा’ म्हणणाऱ्या फुकट गणकयंत्रांचा साचा बहुतेक एकच असतो. वर्षाला हातात किती हवेत, धंद्याचा खर्च किती, आठवड्याला किती तास काम करणार आणि नफा किती टक्के. चार रकाने भरले की दर तयार. भाषांतर, हिशेबनीस, वायरिंग, छायाचित्रण अशी सेवा एकट्याने विकणाऱ्यासाठी ‘शेजारचा घेतो त्यापेक्षा थोडं कमी’ या पद्धतीपेक्षा हे कधीही बरं. पण आकडा तसाच दरपत्रकावर उतरवला तर फसगत होते.

सगळ्यात मोठी गडबड तासांच्या रकान्यात आहे. 52 आठवडे गुणिले 40, म्हणजे 2,080 तास. हा नोकरदाराचा आकडा. सुट्ट्या, सण, आजारपण मिळून पाच आठवडे वजा केले की 1,880 उरतात. त्यातही कोटेशन देणं, चौकशीचे फोन, ये-जा, हिशेब आणि वसुली यांत जाणाऱ्या वेळेचं बिल कोणाच्याच नावे फाडता येत नाही. बिलाचे तास 60 टक्के धरले तर 1,128. वर्षाची गरज 9,00,000 असेल तर पहिल्या हिशेबाने दर येतो 433 आणि दुसऱ्याने 798. हा टक्का वेगळा विचारत नसेल ते गणकयंत्र सरळ बंद करावं. विचारत असेल तरी मनाने आकडा टाकू नये; चार आठवडे तासांची नोंद ठेवली की खरा टक्का कळतो, आणि नव्या धंद्यात तो 60 च्याही खाली निघू शकतो.

दुसरी खोट टक्क्यांची, आणि ती दिसत नाही म्हणून जास्त वाईट. ‘नफा 20 टक्के’ लिहिल्यावर काही गणकयंत्रं 798 ला 1.2 ने गुणतात आणि 957 दाखवतात. तो खर्चावरचा 20 टक्के झाला. बिलातले 20 टक्के नफ्याचे उरायला हवे असतील तर 0.8 ने भागायचं, म्हणजे 997. तासाला 40 चा फरक किरकोळ वाटतो, पण 1,128 तासांवर तो 45,000 होतो. कराचंही तसंच. हातात 6,00,000 हवेत आणि कर 20 टक्के असेल तर 7,20,000 कमवून भागत नाही, 7,50,000 लागतात. त्यात 1,50,000 खर्च मिळवला की वरचे 9,00,000 होतात.

खर्चाच्या रकान्यात भाडं, वीज, फोन सगळे लिहितात. चार वर्षांनी बदलावं लागणारं यंत्र (त्याची चौथाई किंमत दर वर्षी धरायची) आणि बुडीत बिलं हमखास राहून जातात.

आता खरी मर्यादा. निघणारा दर हा तळ आहे, भाव नव्हे. याखाली गेलात तर पदरमोड, एवढंच तो सांगतो. गिऱ्हाइकाला त्या कामाचं मोल किती, हे त्याला ठाऊक नाही. शिवाय तासावर बिल केलं तर हात बसलेल्याचंच नुकसान: 10 तासांचं काम 6 तासांत झालं की बिल 40 टक्क्यांनी घटतं. म्हणून वारंवार येणारं, ठरीव काम उक्तं घ्यावं आणि गणकयंत्राचा दर आतल्या हिशेबापुरता ठेवावा. उक्त्या कामाचा अंदाज असा: लवकरात लवकर 6 तास, बहुधा 10, बिघडलं तर 20. मधल्याला चारने गुणून तिघांची बेरीज करायची आणि सहाने भागायचं, 11 येतात. कोटेशनमध्ये दुरुस्तीच्या फेऱ्या लिहायच्याच, दोन पुरतात; पुढची प्रत्येक फेरी तासाच्या दराने. ही ओळ नसलेलं उक्तं काम संपत नाही, लांबतच जातं.

सवलतीचा रकाना मात्र एखाद्या तरी गणकयंत्रात असायला हरकत नव्हती. बिलातून त्या कामाचाच खर्च, म्हणजे साहित्य आणि मदतनिसाची मजुरी, वजा जाता 40 टक्के उरत असतील, तर 10 टक्के सवलत दिल्यावर तेवढीच रक्कम मिळवायला 33 टक्के जास्त काम लागतं. दुकानदार एक वेळ जास्त माल विकेल. इथे तास आधीच मोजलेले आहेत, ते आणायचे कुठून? घासाघीस झालीच तर दर न तोडता कामातला एखादा भाग कमी करावा.

एकूण पाचपैकी तीन गुण. पहिल्यांदा दर बांधणाऱ्याने जरूर वापरावं, जुन्याने स्वतःची स्प्रेडशीट करावी. सूत्र एका ओळीचं: हातातली रक्कम भागिले (1 वजा कर), अधिक खर्च, या बेरजेला बिलाच्या तासांनी आणि मग (1 वजा नफा) ने भागायचं. खाली आणखी एक ओळ जोडावी: दरवाढ भागिले (उरणारा टक्का अधिक दरवाढ). 40 टक्के उरत असताना दर 10 टक्क्यांनी वाढवला तर 10 भागिले 50, म्हणजे पाचातलं एक काम हातचं गेलं तरी मिळकत तेवढीच राहते.