बँकेने नाही म्हटलं, आणि मी बँकेवरच चिडले

2023 च्या दिवाळीत एजंटाने आम्हाला गाडीत घालून शिरूरच्या पुढे नेलं. वाटेत मिसळ त्यानेच चारली. माळावर फक्कीने आखलेले प्लॉट, सिमेंटची कमान, कमानीला नुकतीच टेकवलेली बोगनवेल. गुंठा साडेतीन लाख. दोन गुंठे घेतले तर कॉर्नर.

एवढे पैसे नव्हते, म्हणून कर्जासाठी बँकेत गेले. साहेबांनी अकृषिक आदेश (शेतजमीन घरासाठी वापरायची परवानगी), मंजूर लेआउट आणि महारेराचा, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मागितला. वर त्यांचा वकील तीस वर्षांचा सर्च घेणार होता, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासणार होता. माझ्याकडे एजंटाने दिलेली सातबाऱ्याची झेरॉक्स आणि रंगीत नकाशा. "मॅडम, शेतजमिनीच्या तुकड्यावर गृहकर्ज होत नाही."

एजंट हसला. "काकू, बँका अशाच रडवतात. एनए, म्हणजे तो अकृषिक आदेश, प्रोसेसमध्ये आहे. तोवर पर्सनल लोन काढा, पाडव्यापर्यंत भाव पाचवर जातो बघा."

मला ते पटलं. यजमान दोनदा म्हणाले, थांबू या. मीच ऐकलं नाही. पर्सनल लोन देताना बँक पगार बघते, जमीन बघत नाही. जिथे आमचे कागद कुणा परक्याने डोळ्यांत तेल घालून वाचले असते, ती एकच जागा मी टाळली.

चार लाख पर्सनल लोन, एक लाख पाटल्या तारण ठेवून, दोन लाख रोख. रोखीची पावती मागितली तर म्हणे, "घरचाच व्यवहार आहे काकू." कागद झाला पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरीपुढे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीची पायरी आम्ही चढलोच नाही. नोटरीच्या शिक्क्याने जमीन नावावर होत नाही, नोंदणीकृत खरेदीखत लागतं. त्यातही शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं, आणि आमच्या घरात कुणाच्या नावावर वावर नाही. तुकडेबंदी वेगळीच: तेव्हा शेतजमिनीचा जिरायतीत 20 आणि बागायतीत 10 गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा पाडता येत नव्हता. आम्ही निघालो होतो दोन गुंठ्यांचे मालक व्हायला!

वर्ष झालं तरी फेरफार नाही, म्हणजे सातबाऱ्यावर आमचं नाव चढलं नाही, तेव्हा 15 रुपये भरून ऑनलाइन सातबारा काढला. सात लाख दिल्यावर. एजंटाची झेरॉक्स जुनी होती. नव्या उताऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात कोर्टातल्या दाव्याची नोंद. मालकाच्या दोन बहिणींनी हिश्शासाठी कोर्टात दावा लावलेला, आमच्या नोटरीच्याही आधी.

त्या रात्री मी रंगीत नकाशा काढून प्लॉट मोजले. 62, प्रत्येकी दोन गुंठे, म्हणजे 124. सातबाऱ्यावर क्षेत्र 1 हेक्टर 20 आर, म्हणजे जेमतेम 119 गुंठे. रस्ते, बाग, क्लब हाऊस नकाशात सगळं होतं, जमिनीत त्याला जागाच नव्हती. हा हिशेब चौथीतलं पोर करील. मी शाळेत क्लार्क आहे, रोज आकडेच लिहिते.

पोलीस ठाण्यात आधी "दिवाणी बाब आहे" म्हणाले. मग वकिलाकडून नीट अर्ज लिहून घेतला, अधीक्षकांकडे दिला. वकिलाने बँकेचे उतारे, व्हॉट्सॲपचे मेसेज, नोटरीचा कागद सगळं लावलं. पाच लाखांचा माग त्यात दिसतो. रोख दोन लाखांपुढे त्याने नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. एजंटाचा फोन लागत नाही. पर्सनल लोनचा हप्ता मात्र पाच तारखेला न चुकता कापला जातो, आणि पाटल्या अजून बँकेतच आहेत.