खासगी जमिनीवर शिकारीची परवानगी विकत घेताय? मालकाशी स्वतः बोलल्याशिवाय इसार पाठवू नका

मागच्या सीझनला एका भामट्याने माझ्या सासऱ्यांना 3000 डॉलरचा गंडा घातला. जमीन खरी होती, मालकाचं नावही खरं होतं. खोटा होता तो फक्त आमच्याशी व्यवहार करणारा माणूस. कोलोरॅडो, युटा, आयडाहोत स्थायिक झालेली आणि तिथल्या मित्रांबरोबर एल्कच्या शिकारीला जाऊ लागलेली बरीच मराठी मंडळी आता माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझं माहेर सांगलीचं, सासर पश्चिम कोलोरॅडोतलं. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद. त्यामुळे लग्नानंतर सासरी डीप फ्रीझर मांसाच्या पुड्यांनी गच्च भरलेला पाहिला तेव्हा मी हबकले होते. आता मीही हंटर एज्युकेशनचा कोर्स केला आहे आणि भगवं जाकीट, भगवी टोपी घालून घरच्यांबरोबर डोंगर चढते. एल्क हा आपल्या सांबराच्याच कुळातला, पण त्याहून थोराड. एका मोठ्या नराचं मांस आमच्या दोन्ही घरांना वर्षभर पुरतं. चरबी अगदी कमी, म्हणून खिम्याला तेलाचा हात जरा सढळ ठेवावा लागतो. हा हौसेचा खेळ नाही, घरची बेगमी आहे. सासरे तर बाजारातून बीफ आणतच नाहीत.

फसवणूक समजायची तर लायसन्सचा प्रकार आधी समजून घ्यायला हवा. कोलोरॅडोत एल्कचं रायफल लायसन्स काही सीझनला बऱ्याच युनिटांत, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांत, थेट विकत मिळतं. म्यूल डियर या हरणाचं मात्र फक्त सोडतीतून मिळतं. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अर्ज करायचा. पहिल्या पसंतीचं लायसन्स लागलं नाही तर एक प्रेफरन्स पॉइंट खात्यात पडतो आणि लागलं की साठवलेले सगळे पॉइंट शून्यावर येतात. लायसन्स त्याच युनिटला आणि त्याच तारखांना चालतं. सासऱ्यांनी कितीतरी वर्षं पॉइंट साठवून वायव्य कोपऱ्यात, क्रेग गावाच्या बाजूला, मोठ्या शिंगांच्या म्यूल डियर नराचं लायसन्स मिळवलं होतं. ऑक्टोबरअखेरचा दुसरा रायफल सीझन, नऊ दिवसांचा. क्रेग स्वतःला एल्कच्या शिकारीची जागतिक राजधानी म्हणवतं.

पण तिथली जमीन ठिगळांसारखी आहे. बीएलएमचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन खात्याचा तुकडा, मग खासगी रँच, पुन्हा सरकारी तुकडा. काही सरकारी जमिनीला तर चहूबाजूंनी खासगी कुंपणं, आत शिरायला वाटच नाही. पाणी आणि अल्फाल्फाची हिरवी शेतं खासगीत, त्यामुळे जनावरंही तिकडेच ओढली जातात. म्हणून लोक रँचमालकाला ‘ट्रेसपास फी’ देऊन शिकारीची परवानगी घेतात. ही तिथली जुनी, सरळ पद्धत आहे आणि नेमकी तीच या लोकांनी हेरली आहे.

जाहिरात ऑगस्टमध्ये दिसली. माणशी 1500 डॉलर, निम्मा इसार आत्ता, निम्मे पोचल्यावर रोख. आम्ही चौघं: सासरे, नवरा, दीर आणि मी. भाव ना स्वस्त ना महाग, त्या भागात चालतो तसाच. फोनवर बोलणारा माणूस मुरलेला. तळ्याजवळ जनावर सोलायचं नाही, चिखलात गाडी घालायची नाही, फाटक जसं सापडेल तसंच ठेवून जायचं, असे नियम तोच आम्हाला बजावत होता. सासऱ्यांनी काउंटी असेसरच्या, म्हणजे करासाठी जमिनीची किंमत ठरवणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याच्या, साइटवर जमिनीची नोंदही उघडून पाहिली. आपल्या सातबाऱ्यासारखीच ही नोंद, कुणालाही फुकट बघता येते. नाव जुळलं. मग परवानगीची चिठ्ठी आली, तिच्यावर त्या रँचचा ब्रँड, म्हणजे गुरांना डागायची निशाणीसुद्धा होती.

पाणी मुरत होतं ते इथेच. असेसरची नोंद जशी आम्हाला दिसते तशी भामट्यालाही दिसते. ब्रँडही नोंदणीकृत असतो, शोधला तर सापडतो. त्याने नोंदीतलं नाव उचललं, ब्रँड उचलला आणि खाली स्वतःचा फोन नंबर टाकला. नाव जुळलं म्हणजे नोंदीतला माणूस आणि फोनवरचा माणूस एकच, हे सिद्ध होत नाही.

सप्टेंबरमध्ये एकदा जागा बघून येतो म्हटलं, तर त्याने नकार दिला. वासरं बाजारात न्यायला गोळा केली आहेत, फाटक उघडलं तर गुरं पांगतील, असं कारण. कारण इतकं चपखल की पुढे कुणी काही विचारलंच नाही. मग लायबिलिटीच्या फॉर्मसाठी म्हणून चौघांच्या ड्रायव्हिंग लायसन्सचे फोटो मागवून घेतले.

सीझनच्या आदल्या संध्याकाळी फाटकावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. फाटकाला जाड साखळी आणि साखळीत कुलपात कुलूप अडकवलेली माळ. मोठ्या रँचवर असंच असतं. मालकाचं एक, गॅसवाल्यांचं एक, वीजवाल्यांचं एक, ज्याने त्याने आपलं उघडायचं. आमच्याकडे चार आकडी कोड होता. दिराने दातांत टॉर्च धरला, हातमोजे काढले आणि आकड्यांच्या प्रत्येक कुलपावर तो कोड लावून पाहिला. एकही हललं नाही. फोन लागेना. तेवढ्यात मागून मिनेसोटाची नंबरप्लेट असलेली एक पिकअप आली. बाप आणि दोन मुलगे, हातात तशीच चिठ्ठी, तोच कोड.

थोड्या वेळाने खरे मालक आले. सत्तरीचे गृहस्थ, आधी तावातावाने उतरले. चिठ्ठी हातात घेऊन चष्मा लावला, आपलाच ब्रँड तिच्यावर पाहिला आणि त्यांचं तोंड उतरलं. त्यांची जमीन कित्येक वर्षांपासून एका आउटफिटरकडे, म्हणजे शिकारीच्या सहली नेणाऱ्या व्यावसायिकाकडे, करारावर होती, दुसऱ्या कुणाला देण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी आम्हाला बीएलएमचा रस्ता दाखवला. त्याहून जास्त ते तरी काय करणार?

कोड चुकून लागला असता तर? कोलोरॅडोत पाटी असो वा नसो, खासगी जमिनीवर परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे आणि हद्द ओळखायची जबाबदारी शिकाऱ्याची. दंड तर होतोच, शिकारीचे हक्कही निलंबित होऊ शकतात आणि राज्याराज्यांमधल्या करारामुळे ते निलंबन इतर राज्यांतही लागू होतं. खोटी चिठ्ठी दाखवून सुटका होईल या भरवशावर कुणी राहू नये.

दिराला गर्दीच्या सरकारी जमिनीवर एक एल्क मिळाला. सासऱ्यांचं म्यूल डियरचं लायसन्स तसंच राहिलं. पॉइंट शून्य झाले आहेत आणि त्यांचं वयही आता सत्तरीपुढे आहे. 3000 डॉलरपेक्षा मला याचा राग जास्त येतो.

पैसे परत आले नाहीत. बँकेतून थेट, क्षणात जाणाऱ्या ट्रान्स्फरने पाठवले होते. तुम्ही स्वतःच पाठवलेत, असं म्हणून बँकेने हात वर केले. क्रेडिट कार्ड असतं तर निदान तक्रार करून पैसे अडवता तरी आले असते. शेरीफकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार केली. ड्रायव्हिंग लायसन्सचे फोटो गेले म्हणून तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे चौघांचं क्रेडिट फ्रीझ केलं, म्हणजे आमच्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये. ते फुकट होतं, आणि असं काही झालं तर त्याच दिवशी करून टाका.

यंदा दिरासाठी जमीन बघतोय, तेव्हा असं चाललं आहे: असेसरच्या नोंदीत मालकाचा टपालाचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर जूनमध्येच हाताने लिहिलेलं पत्र टाकलं आणि उत्तर आलं तेव्हा भेटायला जाऊन मालकाच्या घरी बसून बोललो. जाहिरातीतला नंबर फिरवून खातरजमा होत नसते. त्या भागाच्या वन्यजीव अधिकाऱ्याला फोन केला, त्यांना तिथले बहुतेक रँचवाले माहीत असतात. आणि कुणी जमिनीसोबत गाइड, तंबू, घोडे देतो म्हणत असेल तर तो आउटफिटर झाला. त्याची राज्याकडे नोंदणी असावी लागते आणि ती ऑनलाइन तपासता येते. जागा आधी बघू न देणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका, मग कारण कितीही पटो.

त्या जाहिरातीतला मुख्य फोटो असा होता: गोल तळं, डाव्या हाताला मोडकी पवनचक्की, पाण्यात पुढचे दोन पाय बुडवून उभा एल्क नर. नवऱ्याने नंतर शोधल्यावर तो एका जुन्या मालमत्ता-विक्रीच्या जाहिरातीत सापडला. मागच्या आठवड्यात हाच फोटो वायोमिंगमधल्या जमिनीच्या नावाने पुन्हा दिसला, भाव माणशी 1800 डॉलर. आम्ही शेरीफला कळवलं आहे. तुम्हाला दिसला तर तुमच्या काउंटीच्या शेरीफला कळवा, आणि ज्यांनी इसार पाठवला असेल त्यांना आजच सांगा.