गिफ्ट कार्डावरची खरेदी आणि ऑस्ट्रेलियातील जीएसटी परतावा : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मेलबर्नहून पुण्याला येताना सोबत आणलेल्या वस्तूंवरचा जीएसटी परत मिळवण्यासाठी मी गेले काही महिने 'टूरिस्ट रिफंड स्कीम', म्हणजे टीआरएस, वापरतो आहे. नावात 'टूरिस्ट' असले तरी ही योजना ऑस्ट्रेलियाच्या रहिवाशांनाही खुली आहे. माझी बरीचशी खरेदी सुपरमार्केटमध्ये सवलतीत मिळालेल्या गिफ्ट कार्डांवर झाली आणि त्या कारणाने परतावा कधीही अडला नाही. अडचणी आल्या त्या बिलाच्या.

गिफ्ट कार्ड विकत घेताना जीएसटी लागत नाही. त्या कार्डावर वस्तू घेतली जाते तेव्हा तो लागतो. म्हणून कार्डाच्या पावतीचा येथे काहीच उपयोग नाही आणि दुकानाचा एबीएन (व्यवसायाचा नोंदणी क्रमांक) असलेले टॅक्स इन्व्हॉइसच लागते. १,१०० डॉलरच्या लॅपटॉपच्या माझ्या बिलावर तळाशी ५०० डॉलरची दोन गिफ्ट कार्डे आणि बँकेच्या कार्डाने भरलेले उरलेले १०० डॉलर अशा तीन ओळी होत्या. विमानतळावरच्या टीआरएस काउंटरवरील अधिकाऱ्याने त्यांच्यावरून नुसती नजर फिरवली आणि एकूण रकमेचा अकरावा हिस्सा, म्हणजे १०० डॉलर, मंजूर केला. कार्डे मला दर्शनी किमतीपेक्षा स्वस्त पडली होती, तरी हिशेब बिलावरच्या किमतीचाच झाला. दुकानाने बिलातच दिलेल्या सवलतीचे तसे नसते. तेथे किंमतच उतरते आणि तिच्याबरोबर जीएसटीही.

एका दुकानात मात्र गिफ्ट कार्ड पाहून विक्रेत्याने ही भेटवस्तूच असणार असे गृहीत धरले आणि किंमत नसलेली पावती हातात ठेवली; इन्व्हॉइस मिळवण्यासाठी पुन्हा रांगेत उभे राहावे लागले. बिल १,००० डॉलर किंवा त्याहून अधिक असेल तर त्यावर खरेदीदाराचे नाव लागते आणि ते पासपोर्टवरील नावाशी जुळावे लागते. कार्डावर कोणाचेच नाव नसल्यामुळे विक्रेता आपणहून नाव विचारत नाही. ते आपणच आठवणीने घालून घ्यावे.

मॉलच्या कार्डांबाबत विशेष जपावे. किमान ३०० डॉलरची अट एका एबीएनसाठी आहे, कार्डासाठी नव्हे; त्यामुळे ५०० डॉलरचे एकच कार्ड तीन दुकानांत विभागून संपवले तर परतावा शून्यही मिळू शकतो. एकाच एबीएनची अनेक बिले मात्र एकत्र धरता येतात. तसेच कार्डाची मुदत सहसा किमान तीन वर्षांची असली तरी वस्तू प्रस्थानापूर्वीच्या ६० दिवसांतच घेतलेली असावी लागते.

बाकीची प्रक्रिया सुटसुटीत आहे. टीआरएसच्या ॲपमध्ये माहिती आधीच भरून क्यूआर कोड तयार ठेवला की काउंटरवर वेळ वाचतो. पण विमान सुटण्याच्या किमान ३० मिनिटे आधी तेथे पोहोचावे लागते आणि डिसेंबरात ती रांग अंत पाहते. वस्तू हातातल्या सामानात ठेवावी. केबिनमध्ये न चालणारे द्रव पदार्थ चेक-इनपूर्वीच विमानतळावरील ऑस्ट्रेलियन सीमा दलाच्या कार्यालयात दाखवावे लागतात. पैसे गिफ्ट कार्डावर परत येत नाहीत. मी ते बँक खात्यात घेतो.

परतावा घेतलेला लॅपटॉप परत ऑस्ट्रेलियात नेणार असाल, तर प्रौढ प्रवाशासाठीची करमुक्त सामानाची ९०० डॉलरची मर्यादा ओलांडल्यावर तो जाहीर करून जीएसटी पुन्हा भरावा लागतो. त्यामुळे येथे आई-बाबांकडे ठेवून जायच्या वस्तूंसाठीच मी ही खटपट करतो.