उतारावरचं घर आणि आर्किटेक्टचा अनुभव

दापोलीजवळ आमची 12 गुंठे जागा, सगळी उताराची, वर कातळ आणि एका कडेने पऱ्या, म्हणजे छोटा ओढा. पहिल्या माणसाने सरळ सांगितलं जेसीबी लावून सपाट करू, आंब्याची दोन झाडं काढू, ते काय पटलं नाही मला. मग हा आर्किटेक्ट मिळाला. त्याने प्लॅन काढायच्या आधी एकेक झाड मोजून मार्क केलं, आणि भर जुलैत येऊन 2 तास छत्री घेऊन पाणी कुठून वाहतंय ते बघत फिरला, तिथेच मी ठरवलं की काम ह्यालाच द्यायचं!

घर 3 पातळ्यांवर उतरत जातं, पऱ्याला हात लावला नाही, दोन्ही आंबे अंगणात आहेत. भिंती जांभ्याच्या, बाहेरून प्लास्टर नाही. जांभ्याचा चिरा (कापलेला दगड) खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. मला समुद्राकडे मोठ्ठी काच हवी होती पण तो म्हणाला इथे 3000 मिमीच्या वर पाऊस आणि झड सगळी नैऋत्येकडून येते, तिकडे खोल पडवी घ्या, काच उत्तरेला. ऐकलं ते फार बरं झालं, मे महिन्यात पण दुपारी हॉलमध्ये एसी लागत नाही.

तक्रार आहेच, ड्रॉइंग 2 महिने उशिरा आली आणि कौलांखालची पन्हळ लहान काढली, पहिल्याच पावसात पाणी जिन्यावर, बदलायचा खर्च आम्हालाच पडला. तरी 5 पैकी 4 स्टार.