ओपनशिफ्टवर पोस्टग्रेस पडतोय: परवानगी वाढवायची, सेटिंग बदलायची की इमेज?

लॅपटॉपवर निमूट चालणारा पोस्टग्रेस डेटाबेसचा कंटेनर ओपनशिफ्टवर (कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसवर आधारलेला रेड हॅटचा प्लॅटफॉर्म) नेला की क्रॅशलूपबॅकऑफ, म्हणजे पुन्हापुन्हा उठणं आणि पडणं, सुरू. लॉगमध्ये बहुतेक वेळा एकच ओळ असते: 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. डॉकर हबवरची अधिकृत इमेज रूट म्हणून उठते, डेटा डिरेक्टरी पोस्टग्रेस यूजरच्या नावावर करते (यूआयडी म्हणजे यूजरचा क्रमांक: डेबियन लिनक्सवरच्या इमेजमध्ये ९९९, अल्पाइनवर ७०) आणि मग त्या यूजरने सर्व्हर चालवते. ओपनशिफ्टच्या रिस्ट्रिक्टेड-व्ही२ या सुरक्षा धोरणात रूट चालत नाही, सगळ्या कॅपॅबिलिटी (रूटचे सुटे अधिकार) काढलेल्या असतात आणि यूआयडी नेमस्पेसच्या (क्लस्टरमधला आपला कप्पा) ठरलेल्या रेंजमधला, शंभर कोटींच्या पुढचा मिळतो.

पर्याय निवडण्याआधी नकार नेमका कुणी दिला ते बघा. पॉड (कंटेनर ज्यात चालतो ते एकक) तयारच झाला नसेल तर तो अ‍ॅडमिशनला, म्हणजे धोरण तपासणाऱ्या दारातच, अडलाय. नकाराचं कारण स्टेटफुलसेटच्या (डेटाबेसचे पॉड बनवणारा ऑब्जेक्ट) इव्हेंट्समध्ये मिळेल. पॉड उठून पडत असेल तर आधीच्या कंटेनरचा लॉग काढा, तिथे भांडण बहुधा फाइलच्या मालकीचं असतं. या दोन्हींवर औषध वेगळं आहे.

एनीयूआयडी. पॉड ज्या ओळखीने चालतो त्या सर्व्हिस अकाउंटला हे कुठलाही यूआयडी, अगदी रूटही, चालू देणारं धोरण जोडलं की पाच मिनिटांत डेटाबेस उठतो, म्हणून सगळे आधी इथेच धावतात. मी शक्यतो नाही म्हणेन. ठरावीक यूआयडी हवाच असेल तर नॉनरूट-व्ही२ हे धोरण पुरतं: पॉडमध्ये ९९९ लिहा, रूट बंदच राहतो. तेही फक्त डेटाबेसच्या स्वतंत्र सर्व्हिस अकाउंटला द्या. डीफॉल्ट अकाउंटला दिलंत तर नेमस्पेसमधल्या बाकीच्या पॉडनाही ती सूट मिळते.

अधिकृत इमेज, सेटिंग बदलून. जुना डेटा असेल तर माझी पहिली पसंती ही. ओपनशिफ्टवर यूआयडी लिहूच नका. रिस्ट्रिक्टेड-व्ही२ खाली ९९९ लिहिलात तर रेंजबाहेरचा म्हणून पॉड नाकारला जाईल. साध्या कुबरनेटीसच्या रिस्ट्रिक्टेड पातळीवर मात्र उलट: तिथे यूआयडी आणि एफएसग्रुप (व्हॉल्यूमवरच्या फाइलींना लागणारा ग्रुप) दोन्ही ९९९ लिहावे. खरी मेख डेटा डिरेक्टरीत आहे. व्हॉल्यूमची, म्हणजे पॉडला जोडलेल्या डिस्कची, सगळ्यात वरची डिरेक्टरी रूटच्या मालकीची असते. एफएसग्रुपमुळे त्यात लिहिता येतं, पण त्याच्या परवानग्या बदलता येत नाहीत. पोस्टग्रेसला तर डिरेक्टरी स्वतःच्या मालकीची आणि ०७०० (आवृत्ती ११ पासून ०७५० ही) लागते. म्हणून पीजीडेटा (डेटा डिरेक्टरीची जागा सांगणारं व्हेरिएबल) व्हॉल्यूमच्या आत एका सबडिरेक्टरीत न्या. ती पोस्टग्रेस स्वतः बनवतो, म्हणजे मालकी आपोआप त्याची. 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डरमुळे इनिटडीबी (डेटा डिरेक्टरी पहिल्यांदा उभारणारी कमांड) अडून बसतो तो त्रासही यातच मिटतो. (आवृत्ती १८ च्या इमेजमध्ये डीफॉल्ट जागाच बदलली आहे, व्हॉल्यूम एक पायरी वर जोडायचा असतो.)

एक खाच लक्षात ठेवा. पॉड पुन्हा सुरू होताना कुबलेट (प्रत्येक नोडवर पॉड चालवणारा एजंट) एफएसग्रुपनुसार फाइलींवर ग्रुपच्या परवानग्या उघडू शकतो. इमेजची एंट्रीपॉइंट स्क्रिप्ट पुन्हा ०७०० करते, पण कुणी कमांड बदलून थेट सर्व्हर चालवला असेल तर पहिल्यांदा सगळं छान आणि दुसऱ्या वेळी 'इनव्हॅलिड परमिशन्स'.

एससीएलओआरजीची इमेज. 'सॉफ्टवेअर कलेक्शन्स' प्रकल्पाची, सेंटओएस लिनक्सवर बांधलेली आणि कुठल्याही यूआयडीने चालायला बनवलेली. ओपनशिफ्टवर कोरा डेटाबेस उभारायचा तर हीच घ्या. फक्त एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची नावं वेगळी आहेत, आणि जुना व्हॉल्यूम तसाच हिच्याखाली लावू नका. डेबियन आणि सेंटओएसच्या ग्लिबसीत (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) अक्षरांचा क्रम वेगळा लागू शकतो, मग मजकुरावरचे इंडेक्स न बोलता चुकतात. जुन्या डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची फाइल) काढून नव्यात भरा.

या दोन्ही इमेजच्या पर्यायांत एक अडचण सारखीच: व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट दुसऱ्या नेमस्पेसमध्ये उघडला की यूआयडीची रेंज बदलते, फाइली जुन्या यूआयडीच्या राहतात आणि 'राँग ओनरशिप' येतं. स्टेजिंगला असं वारंवार करत असाल तर नॉनरूट-व्ही२ आणि ठरावीक यूआयडी हाच मार्ग बरा.

ऑपरेटर. प्रॉडक्शनला, रेप्लिका (डेटाबेसच्या चालू प्रती) आणि बॅकअप हवे असतील तर क्लाउडनेटिव्हपीजी हा ऑपरेटर, म्हणजे क्लस्टरमध्ये राहून पोस्टग्रेस सांभाळणारा प्रोग्रॅम. रूटशिवाय आणि रीड-ओन्ली रूट फाइलसिस्टीमवर चालतं, वरच्या निम्म्या कटकटी अंगावर येतच नाहीत. पण त्याच्या सीआरडी (कुबरनेटीसला शिकवायचे नवे ऑब्जेक्ट-प्रकार) बसवायला क्लस्टर अ‍ॅडमिन लागतो. एका छोट्या डेटाबेससाठी तो होकार द्यायला तयार नसेल, तर सबडिरेक्टरीवाला पर्याय आजच करून टाका.