स्पेसर की कमी ऑफसेटची चाके?

धुळे-जळगावकडे स्पोर्ट्स कारची चाके मडगार्डच्या कडेपर्यंत आणण्यासाठी बहुधा स्पेसरच, म्हणजे हब (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि चाक यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती, सुचवले जातात. ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे मिमीमधले अंतर; ते जितके कमी, तितके चाक बाहेर येते. १५ मिमीच्या स्पेसरने ४५ ऑफसेटचे चाक ३० ऑफसेटसारखे बसते आणि दोन्ही बाजूंना लावल्यास ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर) ३० मिमीने रुंदावतो. मूळ ३० ऑफसेटचे, त्याच रुंदीचे चाक घेतले तरी भूमिती तीच होते. म्हणजेच वळणावरची किंचित वाढलेली स्थिरता, स्टिअरिंगला खड्ड्यांचा जास्त जाणवणारा झटका आणि बेअरिंगवरचा वाढीव भार दोन्हीकडे सारखेच असतात, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

खरा फरक जोडणीत आहे. स्पेसरमुळे हब आणि चाक यांच्यामध्ये आणखी एक जोड येतो, वजन वाढते. शिवाय साध्या स्पेसरला मूळ बोल्टपेक्षा त्याच्या जाडीइतके जास्त लांब बोल्ट लागतात आणि हबच्या कडेवर नेमका न बसणारा स्पेसर वेगात थरथर आणतो. बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत व सुमारे १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. लळिंग घाटातून उतरल्यावर तापलेल्या चाकांवर मात्र ही तपासणी करू नये. स्पेसर स्वस्त पडतो, हे खरे. तरीही कायमचा बदल असेल, तर मी योग्य ऑफसेटची चाकेच निवडेन.